एक निरोप बाकी

तवनाप्पा खोतांनी ती टेबलावर ठेवली
तेव्हा मला चुन्याची डबीच वाटली.
"फोनला जोडायची. रेंज नसंल तिथनं
उपग्रहावरनं निरोप धाडती.
पोरीची हाय. बंद पडलीया. बघ काय हुतंय का."
गुळाच्या अडतीतून थेट आले होते,
त्यांच्या बाहीवर बसून एक माशीही आली.

उद्यमनगरातलं माझं दुकान म्हणजे
दोन लेथच्या मधली फट.
वजनकाटे, मीटर, पाण्यात पडलेले मोबाईल.
उपग्रहाचं हे पहिलंच.

सहा स्क्रू निघाले तरी डबी उघडेना.
स्टिकर सोललं. त्याखाली सातवा.
असतोच असा एखादा.
वडील फाउंड्रीसाठी सागवानी पॅटर्न करायचे,
साचा अडला की ठोकायचे नाहीत,
नुसते फिरवून फिरवून बघायचे, विडी विझेपर्यंत.
मी स्क्रू बरणीच्या टोपणात मांडले
घड्याळातल्या आकड्यांसारखे. सातवा मधोमध.

आत रबराची कडी एके ठिकाणी चिमटलेली.
तिथूनच पाणी शिरलेलं.
बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट.
कोल्हापुरात इतकं खारं पाणी नाही.

"कुठं होती हो मुलगी?"
"जहाजावर. समुद्राचा तळ मोजत्यात न्हवं, तसल्या.
चौदा म्हैने. आता घरी हाय.
बोलत न्हाई फारशी."
निरोप यायचे म्हणाले, पण तीनच,
डबीत आधीच भरून ठेवलेले:
पोचले. ठीक आहे. उशीर होईल.
हे तीन निरोप ते दिवाणजीला
दर वेळी नव्यानं वाचून दाखवायचे.

बॅटरी पुरीसारखी टम्म.
पत्र्याचं झाकण उचकटलं,
खाली पाटीवर हिरवी बुरशी चढलेली.
स्पिरिट, जुना टूथब्रश, वर फुंकर.
आणि सगळ्यांच्या वर, नखाएवढी
चिनीमातीची फरशी. ही अँटेना.
एवढ्याशा फरशीवर आभाळ उतरायचं
आणि दारात पाय पुसून आत यायचं.

बाकड्यावरच्या सप्लायची वायर लावली.
केशरी दिवा लुकलुकला.
बोटभर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं,
मी मनातच मराठी केलं:
*एक निरोप बाकी. आभाळ शोधत आहे.*

वर पत्रा. पत्र्यावर शेजारच्या भट्टीची काजळी.
ती शोधत राहिली.
"काय म्हणतीया?" खोतांनी मान पुढं काढली.

मागं शिडी आहे, नऊ पायऱ्या, वर गच्ची.
तिथं नेऊन धरली असती
तर निरोप सुटला असता, दीड वर्ष उशिरा,
ह्यांच्याच खिशातल्या फोनवर.
त्या तिघांतला एक असता.
किंवा नसता.

मी वायर काढली.
"पावती मुलीच्या नावानं फाडतो," म्हटलं. "तिला पाठवा."
"मी बाप हाय तिचा."
"व्हय की. पण डबी तिची हाय."
रागानं उठले. माशी राहिली.

मंगळवारी त्रिशला आली. केस आखूड,
बोटांवर जुन्या दोरांचे व्रण.
टेबलावर पसरलेलं ते सगळं बघत राहिली.
"एवढंच होतं ह्यात?"
ती फरशी तळहातावर घेऊन
थोडा वेळ नुसतीच तोलली.
मी सांगितलं, एक निरोप अडकलाय.
"माहितेय," म्हणाली. "कुणासाठी ते नाही आठवत नीट."
मग हसली, खोटं बोलणारं माणूस हसतं तशी.

सोल्डर करून दिलं. तीन पेन्सिल सेल
चिकटपट्टीनं बांधले, तारा लोंबत्या.
कवचाविना तशीच उघडी डबी
दोन्ही हातांत धरून ती शिडी चढली,
दिवा विझेल अशा बेतानं.

खाली लेथ सुरू झालं.
वरून काही ऐकू येईना.
मी स्क्रू मोजले. सहा.
वाकलो, बाकड्याखाली टॉर्च मारला,
लोखंडाच्या कुरळ्या किसात हात घातला,
आणि ती उतरली तेव्हा तसाच वाकलेला होतो.
तिचे फक्त पाय दिसत होते,
शेवटच्या पायरीवर थांबलेले.

"किती झाले?"
"अजून जोडली कुठाय," म्हटलं.
"एक स्क्रू सापडंना."
ती चप्पल काढून
शेजारी येऊन बसली, शोधायला.